निर्मलाबाईंचा ळ

“शाया नाही, शाळा. जीभ मागे वळव, वर टेकव आणि सोड. ळ.”

हे निर्मलाबाईंनी चौतीस वर्षं सांगितलं. बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या मराठी शाळेत त्या शिकवायच्या, आणि तापीच्या या खोऱ्यात ळला कोणाच्या जिभेवर बसायला जागा नाही. केळी म्हणजे केयी, सकाळ म्हणजे सकाय, डोळा म्हणजे डोया. पोरं बाईंसमोर केळी म्हणायची आणि फाटकाबाहेर पडली की केयी खायची. वहीत मात्र ळ यायचा, दोन्ही पोटं गोल. “तोंडाचं मी सोडून दिलं,” बाई म्हणायच्या, “हाताचं सोडणार नाही.”

रिटायर झाल्यावर त्या घरी बसतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस रिक्षाने जवळच्या दापोऱ्याला जायचं, मारुतीच्या देवळामागच्या खोलीत सतरंजी अंथरायची आणि केळीच्या बागेतून कामं उरकून आलेल्या अकरा बायांना लिहा-वाचायला शिकवायचं, असं सुरू झालं. अकरांत सगळ्यात पुढे मालूबाई. वय साठीला टेकलेलं, हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, आणि येण्याचं कारण पहिल्याच दिवशी सांगून मोकळी.

“मले औषधाची बाटली वाचायची हाय. आमचे दीर, दगाभाऊ, वाचून दाखवतात. आता ते बाटलीवर असतं का त्यांच्या मनातलं असतं, कोणाले ठाव?”

बाईंची शिकवायची रीत एकच, श्रुतलेखन. बाईंनी बोलायचं, बायांनी लिहायचं. कानावर पडलेलं हाताने उतरलं की अक्षर आपलं झालं, यावर त्यांचा पक्का विश्वास. फळ्यावरून उतरवून घेणं म्हणजे त्यांच्या मते चित्रकला.

आणि मग आवाज गेला. चौतीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वरताण बोललेला गळा. आतमध्ये गाठी झाल्या होत्या. इंदूरला ऑपरेशन झालं, गाठी निघाल्या, पण आवाज परत आला तो सुपात कोंडा हलवल्यासारखा. दिवसाला चार-सहा वाक्यं निघायची. सातव्याला घसा दार लावून घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, शिकवणं विसरा.

सून तृप्ती एका वकिलाच्या ऑफिसात काम करते. अर्ज, नोटिसा, पत्रं, सगळ्यांचा पहिला खर्डा ती एआयकडून करून घेते आणि मग लाल पेनाने सोलून काढते. तिने सासूला दोन आठवडे पाटीवर लिहून बोलताना पाहिलं आणि एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, “आई, टेन्शन कशाला? तुमचा आवाज आहे ना माझ्याकडे.”

बाईंनी भुवया उंचावल्या.

“व्हॉइस नोट्स. दीडशे तरी असतील. एका ॲपला ऐकवायच्या. मग तुम्ही टाइप कराल ते तो तुमच्या आवाजात बोलेल.”

बोलला. बाई खुर्चीत ताठ बसून ऐकत राहिल्या. आवाज त्यांचाच, ऑपरेशनच्या आधीचा, भरलेला. पण काहीतरी खटकत होतं. त्यांनी पाटीवर लिहिलं: “सारखी रागावलेली का वाटते मी?”

तृप्तीने मेथीची काडी मोडली. “आई, मला आलेल्या सगळ्या नोट्स तशाच आहेत. दूध उतू गेलं, गॅस बंद केलास का, किल्ली कुठे ठेवलीस. बिचाऱ्या मशीनने प्रेमाचा आवाज ऐकलाच नाही कधी.”

त्या दिवशी बाईंनी कोंड्याच्या आवाजात, मुद्दाम हळू, सुनेला चहा विचारला.

पुढच्या वर्गाला त्या जय्यत तयारीने गेल्या. एआयला सांगून पाच सोपी वाक्यं लिहून घेतली होती: बागेतली, जोडाक्षरं नकोत, ळ मात्र भरपूर. टेबलावर फोन, फोनला छोटा स्पीकर. बाया सतरंजीवर, मांडीवर वह्या. बाईंनी बटण दाबलं आणि त्यांचाच खणखणीत, रागावलेला आवाज खोलीभर झाला.

“लिहा. मी सकाली केली कापली.”

पेन्सिली थांबल्या.

“काय केली, बाई?” मालूबाईने विचारलं. “आधी काय केली ते सांगा, मंग कापू.”

हसू एका टोकाला सुरू झालं आणि दुसऱ्या टोकापर्यंत पोचलं. बाईंनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा “केली”. पुढचं वाक्य लावलं, तर “शाला”, त्याच्या पुढे “डोला”. चौतीस वर्षं त्या ‘य’शी भांडल्या होत्या. आता त्यांच्याच गळ्यातून ‘ल’ निघत होता. पाचही वाक्यांत ळ होता आणि पाचही वाक्यं खोटी निघाली. पुढच्या वेळी सतरंजीवर सात बाया आल्या, त्याच्या पुढच्या वेळी पाच. मालूबाई पाचांत होती, पण जाताना दारात थांबून म्हणाली, “राग नका मानू बाई. त्या बायका म्हणू राहिल्या, ऐकायलेच चुकीचं भेटलं तर लिहायले बरोबर कसं येईन?”

हे वाक्य कोण्या परीक्षेत आलं असतं तर बाईंनी पूर्ण गुण दिले असते. त्यांचाच तर सिद्धांत होता. आणि त्याच सिद्धांताने त्यांचा वर्ग मोडत होता.

घरी येऊन त्या टेबलाशी बसल्या. दोन ळ लिहून पाहिले. यंत्र अडखळलं. ळच्या आधी लघुरेषा टाकून पाहिली. यंत्राने दम घेतला आणि ‘ल’च म्हटला. तृप्ती ऑफिसातून आली, चपला काढता काढता ऐकत राहिली.

“आई, हे ॲप आतून हिंदीच आहे, बघा. त्याला ळ माहीतच नाही. हिंदीतला ड टाकून बघा ना, खाली टिंबवाला. लड़का, घोड़ा. त्यात जीभ तशीच वळते.”

बाईंनी सुनेकडे असं पाहिलं, जणू तिने देवघरात चपला घातल्या होत्या. पाटी ओढली. “शाळा अशी लिहू? मी?”

“लिहायची कुठे आहे? फक्त बोलायची आहे. बघणार कोण?”

बऱ्याच वेळाने बाईंनी टाइप केलं: शाड़ा. अक्षर फोनवर उमटलं तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली. बटण दाबलं.

“शाळा,” फोन म्हणाला. अगदी शंभर टक्के नाही, शेजाऱ्याने आपलं नाव घ्यावं तितपत. पण ‘ल’ नव्हता आणि ‘य’ही नव्हता.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते फक्त बाईच करू जाणे. त्यांनी एक वही घातली आणि तिच्यात मोत्यासारख्या अक्षरात चुका लिहायला सुरुवात केली. केळीसाठी केड़ी. डोळ्यासाठी डोड़ा. जिथे थांबायचं तिथे नको असलेला स्वल्पविराम. आवाज मऊ करायचा तर वाक्याच्या आधी “बरं का”, कारण त्या दोन शब्दांनी यंत्राचा राग उतरतो हा त्यांचाच शोध. ज्या बाईने एका वेलांटीसाठी मुख्याध्यापकांची नोटीस परत पाठवली होती, ती रोज तास-तास बसून नेमकं अशुद्ध लिहीत होती, म्हणजे दापोऱ्यातल्या बायांच्या कानावर शुद्ध पडेल.

वाक्यांचंही तसंच. एकदा एआयने लिहून दिलं, “सुपडूने केळीच्या झाडावर चढून घड तोडला.” तृप्ती पुसायला गेली, बाईंनी हात धरला. ते वाक्य तसंच वर्गात वाजवलं. खोलीत एक बाई पदर तोंडावर घेऊन लवंडलीच. केळीवर चढला सुपडू, म्हणजे खोडासकट खाली. “कोण्या गावचा हा सुपडू?” मालूबाई म्हणाली. “त्याले आधी केयीचं झाड दाखवा.” त्या दिवसापासून ‘चूक शोधा’ हा वर्गाचा लाडका खेळ झाला. बाई मुद्दाम एआयची बिघडलेली वाक्यं राखून आणायच्या. पाचाच्या आठ झाल्या, आठाच्या पुन्हा अकरा, आणि निंबोल्याहून माहेरी आलेली एक लेकसुद्धा दारात बसून ऐकायला लागली.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. बाई फळ्यावर तारीख घालत होत्या. पाठीमागे मालूबाई म्हणाली, “मी दाबू का बटन?” बाईंनी मान हलवली आणि लिहीत राहिल्या. आवाज काही आला नाही. त्यांनी वळून पाहिलं.

मालूबाई फोन हातात धरून उभी होती, डोळ्यांपासून लांब. ओठ हलत होते. मग तिने बाईंकडे पाहिलं, अवघडून, एखाद्या मोठ्या माणसाच्या कपड्यावर डाग दाखवावा तसं.

“बाई, तुम्ही चुकल्या.”

बाईंचा हात खडूसकट हवेत राहिला. बघणार कोण, असं तृप्ती म्हणाली होती.

मालूबाई पुढे आली. बाईंच्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर, तारखेच्या खाली, जोर देऊन लिहिलं: शाळा. ळची दोन्ही पोटं गोल, उजवं जरा मोठं.

“असं लिहतात,” ती म्हणाली. “शाया.”

बाईंना हसू आलं. त्यांनी पाटी घेतली, एक वाक्य लिहिलं आणि मालूबाईसमोर धरली. हे वाक्य धड्यातलं नव्हतं, फोनमध्ये नव्हतं, कोणी वाचून दाखवणार नव्हतं. मालूबाईने बोट ठेवलं.

“म... शी... न... मशीन... ला. ळ... ये... त. येत. ना... ही.” तिने बोट उचललं. पुन्हा पहिल्यापासून, एका दमात: “मशीनला ळ येत नाही.”

दोनदा वाचल्यावर अर्थ पोचला. तिने हातातल्या फोनकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“म्हंजे तिच्यासाठी तुम्ही चुकीचं लिहता? तिच्या तोंडून बरोबर निघावं म्हणून?”

बाईंनी मान हलवली.

“अन् तुमच्यासाठी.” हे बाईंनी स्वतः म्हटलं, कोंड्याच्या आवाजात. दिवसभरातलं पहिलंच वाक्य. सकाळपासून जपून ठेवलेलं.

मालूबाई सतरंजीकडे गेली, बायांना थोडं सरकायला लावलं आणि आपल्या वहीशेजारी, फळ्याकडे तोंड करून, फोन उभा टेकवून ठेवला.

“बसू द्या तिलेबी,” ती म्हणाली. “शिकंन हयूहयू. आम्ही नाही शिकलो?”