पिवळट ढगांची दुपार
माझं अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही असतील. कुणाच्या हाती हे लागलंच तर सांभाळून घ्यावं. आज फ्रीजमध्ये साठलेला बर्फ खरवडताना त्या दुपारच्या गारांचा वास आला. तेव्हा आम्ही औशाजवळ शेतातच राहायचो. आभाळाचं माझं सांगणं सहसा चुकत नसे, म्हणून थोरल्या जाऊबाई शेळ्या सोडण्याआधी मला विचारायच्या. त्या दुपारी वारा पडला होता, ढग पिवळट झाले होते. "काय म्हणतंय गं आभाळ?" त्यांनी विचारलं. गारा येणार हे मला दिसत होतं. पण आईशी फोनवर एकटीनं बोलायचं होतं. म्हणाले, "जावा अक्का, काय न्हाई येत." त्या शेळ्या घेऊन गेल्या. आईशी बोलता बोलताच पत्रे वाजायला लागले. अंगणात घोटाभर पांढऱ्या गारा साचल्या. जाऊबाई पदराखाली करडू धरून आल्या आणि दारातच गारांवरून घसरल्या. करडू वाचलं, त्यांचं मनगट मोडलं. "तुझं आभाळ बी आज खोटं बोललं की गं!" कण्हता कण्हता त्या हसल्या. मी त्यांच्या हाताला फडकं बांधलं. ते मनगट वाकडंच राहिलं. अजूनही बाहेर पडताना त्या मलाच विचारतात, आणि मी अंगणात जाऊन चारी बाजू बघितल्याशिवाय उत्तर देत नाही.