पिवळा गौरांग

आता माझी अब्रू मी स्वतःच तुमच्यासमोर काढणार आहे, तेव्हा चहा सावकाश प्या, ठसका लागेल. आणि हे सांगलीत, आमच्या विश्रामबागेत कुणाला सांगू नका. तसं तिथं सांगायचं कुणी शिल्लकच राहिलेलं नाही म्हणा.

तर मी सांगलीतल्या एका हळदीच्या गोदामात दिवाणजी. बावीस वर्षं झाली. आणि छंद कसला, तर फुलपाखरांचा! साताऱ्याला कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांनी आमच्यासारख्या हौशी लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय. दरवर्षी त्या सातारा-सांगलीतल्या फुलपाखरांची यादी छापतात. काही वेगळं दिसलं, तर ज्याला दिसलं त्याचं नाव पुढं छापून येतं. त्या यादीत एकदा, फक्त एकदा, माझं नाव यावं एवढंच माझं मागणं होतं.

तीन वर्षांत ते आलं नाही. का? मी जे ओळखावं, ते नेमकं दुसरंच निघायचं. बिबळ्या कडवा नावाचं फुलपाखरू नारिंगी, छोटा चांदवा नावाच्या दुसऱ्याची मादीही नारिंगी. कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, तिला ते नसतात. फरक एवढाच. मी तिचा फोटो कडवा म्हणून टाकला, तोही चार वेळा. शेवटी मॅडमनी लिहिलं, "रंगाकडे बघू नका. खुणा मोजा." त्याखाली खंडाळ्याच्या एका गृहस्थानं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं टाकली, तीही चार. ती मला अजून दिसतात.

अशात एका सकाळी गोदामाच्या फाटकाजवळ, तगरीवर, कोवळ्या उन्हात पंख पसरून बसलेलं एक फुलपाखरू दिसलं. काळ्या शिरा, काठाला काळी नक्षी, पुढच्या पंखावर वेलांटीसारखी ठळक खूण. हुबेहूब गौरांग! पण गौरांग असतो पांढराशुभ्र, आणि हा पिवळाजर्द. मी लगेच मोबाइल काढला हो.

शेजारीच शकीलाभाभी हळद चाळत होत्या. मी आलो त्याच्या आधीपासून त्या तिथं आहेत. त्यांनी मान वर करून एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "दिवाणजी, हळद बसलीया त्याच्यावर."

मी काय केलं असेल? त्यांना पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. पंखांवर बारीक खवले असतात, रंग त्या खवल्यांचा असतो, हे शास्त्र आहे भाभी, ह्याला अभ्यास लागतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा चाळायला लागल्या.

फोटो ग्रुपवर गेला. मॅडमनी विचारलं, पुढच्या पंखावर ती वेलांटी आहे का? म्हटलं आहे, पण मॅडम, रंग बघा ना! मग विचारलं, बसलंय कशावर? तगरीवर. त्या म्हणाल्या, तगर तर पांढरी असते, फोटोत फूल पिवळं दिसतंय. मी बेधडक लिहिलं, "आमच्याकडची तगर पिवळी असते."

त्यावर उत्तर आलं, "रविवारी येते." मला वाटलं, बाई भारावल्या.

झालं! मी मोहिमेवरच निघालो. भिंतीपलीकडे वाघाटीचा वेल आहे, तिथं डोकावलो तर दहा-बारा गौरांग, सगळे पांढरे. भिंतीअलीकडे आवारात दोन, दोन्ही पिवळे. म्हणजे या भिंतीनं दोन जाती वेगळ्या केल्या, असा सिद्धांत मी मांडला. भिंत आमच्या मालकांनी, अण्णांनी, आठ वर्षांपूर्वी बांधलेली. आठ वर्षांत नवी जात कशी तयार होईल, हा प्रश्न मला पडला नाही. मला पडला तो नावाचा. गौरांगाचा भाऊ, म्हणून हरिद्रांग. हरिद्रा म्हणजे हळद. हळदीसारखं अंग असलेला. हे मी माझ्या बोटांनी, हळदीच्या पोत्यावर बसून टाइप केलं. आता बोला.

रविवारी मॅडम आल्या. बरोबर उंब्रजचे दोघे आणि तो खंडाळ्याचा हसरा. मी पेढे आणलेले. फुलपाखरूही वेळेवर तगरीवर हजर.

मॅडमनी त्याच्याकडे नंतर बघितलं. आधी त्यांनी हळकुंडं घासून चकचकीत करायचा आमचा मोठा ड्रम बघितला. तो फिरला की सगळं आवार धुळीनं भरतं, आणि तो शनिवारी संध्याकाळपर्यंत फिरलेला. मग त्यांनी भिंत बघितली, पत्रा बघितला, माझी सायकल बघितली, सायकलीखाली झोपलेलं मांजर बघितलं. सगळं पिवळं. मग रविवारीही हळद चाळत बसलेल्या भाभींकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"म्या पयल्याच दिशी सांगिटलं की," भाभी म्हणाल्या. त्या उठल्या, वाकल्या आणि हळूच फुंकर मारली.

धूळ उडाली. तगरीचं फूल पांढरं झालं. फुलपाखराचा एक पंख पांढरा झाला, दुसरा पिवळाच राहिला. आता अशा वेळी शहाण्या माणसाच्या सगळं लक्षात येतं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? तिसरी जात!

तेवढ्यात ते उडालं आणि भिंतीवरून वाघाटीकडे, आपल्या लोकांत गेलं. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात तसाच.

"मॅडम, रंगच तसा होता हो," मी म्हणालो.

मॅडमनी माझ्या शर्टाकडे बोट दाखवलं. "दिवाणजी, तुमचा हा शर्ट घेतला तेव्हा कुठल्या रंगाचा होता?"

मी खाली बघितलं. "पिवळाच की."

"पांढरा व्हता," भाभी म्हणाल्या. "अण्णांनी दिवाळीला सगळ्यांस्नी दिल्याला."

गेल्या महिन्यात यादी छापून आली. गौरांगापुढं टीप आहे: हळदीच्या धुळीनं पिवळा दिसू शकतो, खुणा तपासाव्यात. आणि पुढं नाव, शकीलाभाभींचं. खरं सांगतो, वाईट वाटलं. पण ती पुस्तिका मीच त्यांना नेऊन दिली, टीप वाचून दाखवली. त्या रविवारी काढलेला फोटोही शेजारी आहे. पुढं भाभी, तगर, आणि मागं पुसटसं काहीतरी पिवळं.

भाभींनी त्यावर बोट ठेवलं. "आनि ह्यो मागं कोन?"

"मी," म्हटलं.

"व्हय का?" त्या म्हणाल्या. "तुमाला बी तवाच एक फुंकर माराय पायजे व्हती."