पाण्यात ठेवलेली कवळी

१. आक्का मोरीत पडली. हाड मोडलं नाही.
२. दवाखान्यात तिची कवळी काढून घरच्यांकडे दिली.
३. डॉक्टर म्हणाले, "थोडे दिवस पातळ द्या."
४. ते थोडे दिवस संपलेच नाहीत.
५. काल सकाळी आक्का गेली.

आक्का म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. नव्वदीच्या पुढची. साक्रीजवळ काका-काकूंकडे राहायची.

मी धुळ्यात, देवपूरला, डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते.

काकूने ती कवळी पुसून, कोरडी करून, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. दागिना ठेवावा तशी.
कवळी पाण्यात ठेवायची असते. ती वाकडी झाली. तोवर हिरड्याही झिजल्या.

मग सगळं मिक्सरमधून. भाजी, वरण, पोळीसुद्धा. चमच्याने.
कोणी भरवायला येईपर्यंत आक्का खाटेवर बसून राहायची.

दातांच्या डॉक्टरांकडून नवीन माप घेतलं. नवी कवळी मीच केली आणि घेऊन गेले.

"तू डॉक्टर शे का?"
"नाही आक्का. डॉक्टर माप घेतात. मी बनवते."
"मंग तू दातस्नी सुतारीन शे!"

त्या दिवशी तिने कळण्याची भाकरी मागितली. ज्वारी-उडदाची, ठेच्यासोबत.
काकू तुकडे करून द्यायला पुढे झाली.
"सरक व. मन्हा हात शेतस ना आजून."

चतकोर भाकरीला खूप वेळ लागला.
मग भिंतीला धरून स्वतःचं ताट स्वतः मोरीत ठेवून आली.

पुढच्या आठवड्यात जेवताना ठसका लागला. काकू घाबरली. मिक्सर परत सुरू.

मी फोनवर सांगितलं, ताठ बसवा, लहान घास घेऊ द्या, घाई करू नका.
"तू धुळ्याला बसून सांगतेस. तिचा श्वास अडकला तर इथे मीच आहे ना?"
हे खरं होतं. आजही आहे.

या वेळी कवळी पाण्यात ठेवली. काकू न चुकता पाणी बदलायची.
फक्त आक्काच्या तोंडात कोणी ठेवली नाही.

आता दहाव्याच्या ताटात मऊ शिरा ठेवायचं ठरतंय.
"तिला चावत नव्हतं ना," असं सगळे म्हणतात.

चावत होतं. मी पाहिलंय.

मी कळण्याची भाकरी करून आणणार आहे. अख्खी. तुकडे न करता.

आक्का, सावकाश जेव. आता कोणी भरवणार नाही.

घरच्यांपैकी कोणाची हरकत असेल तर बुधवारपर्यंत मला कळवा. गुरुवारी मी कळणा दळायला टाकते.