आठव्या क्रमांकाची बाई

ओहायोतल्या आमच्या गावात शाळेची पिवळी बस चालवणाऱ्या बर्नडेट हुडाकला कोणी भित्री म्हणणार नाही. बर्फाळ चढावर, मागे पोरांचा कल्ला चालू असताना ती एका हातानं बस सांभाळते आणि आरशातून नुसतं बघून भांडणं मिटवते. पण संख्याशास्त्राला मात्र ती घाबरायची. नवरा मिलान वर्षभर अंथरुणाला खिळून होता, त्याचं सगळं तिनंच केलं, आणि तो गेल्यावर तिनं ठरवलं की आता नर्स व्हायचं. नर्सिंगला जायचं तर गावच्या कॉलेजात संख्याशास्त्राचा पहिला पेपर सुटायलाच हवा. दोनदा ती आपटली होती. तिसऱ्यांदा आपटली की दार बंद, असा कॉलेजचा नियम. पन्नाशी उलटल्यावर विशीतल्या पोरांच्या बाकावर तिसऱ्यांदा जाऊन बसायला बर्फात बस चालवण्यापेक्षा जास्त छाती लागते, हे खरंच.

घरात ती आणि सासू, दोघीच. ओल्गाबाई म्हणजे चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा. दर शुक्रवारी तिथं बायका पिरोही करतात, बटाटा, कांदा आणि चीज भरून, कडा मुरडून उकडलेल्या करंज्याच म्हणा ना, आणि दुपारी अख्खं गाव रांग लावतं. सारणाचं मीठ बघणार त्या फक्त ओल्गाबाई. सून लग्न झाल्यापासून कडा मुरडतेय, पण चवीचा चमचा तिच्या हातात कधी आला नाही. "बस चालवणाऱ्या हाताला मिठाचा काय अंदाज," हे ठरलेलं उत्तर.

कॉलेजात हा विषय शिकवणाऱ्या डेलगाडोबाईंनी सत्राच्या शेवटी प्रत्येकाला एक प्रयोग करून वर्गापुढे मांडायला सांगितला; पास-नापास त्याच्यावरच ठरणार होतं. शितावरून भाताची परीक्षा करायची, पण शीत आपल्या सोयीचं उचलायचं नाही, एवढाच त्यांच्या शिकवण्याचा अर्थ. "गैरसोयीचा आकडा तसाच गाळता येणार नाही," त्यांनी बजावलं. "गाळायचा तर कारण लिहा."

बर्नडेटनं विषय घरातलाच घेतला: डोळे बांधून आपली पिरोही आणि दुकानातली गोठवलेली पिरोही ओळखता येते का? आठ बायका बसल्या. कुठली बशी पुढे करायची ते नाणं उडवून ठरायचं.

"यात कसली परीक्षा?" ओल्गाबाई म्हणाल्या. "लहान पोरसुद्धा सांगेल."

झुझानाबाई तर पहिल्या घासाला म्हणाल्या, "ही दुकानातली. खोकं खाल्ल्यासारखं वाटतंय." बाकीच्याही अधूनमधून चुकत, एकमेकींना टोमणे मारत बऱ्यापैकी ओळखत होत्या. ओल्गाबाईंची पाळी शेवटी आली. दुकानातली तोंडात घालून त्या ठामपणे म्हणाल्या, "आपली." मग आपली खाल्ली, जिचं मीठ सकाळी त्यांनीच घातलं होतं, आणि म्हणाल्या, "दुकानातली." बायका आधी हसल्या. मग त्या चुकतच गेल्या तेव्हा कोणी हसेना.

"कांदा फार घातलायस तू," फडकं सोडत त्या सुनेवर खेकसल्या.

घरी आल्यावर त्या कोट न काढताच स्वयंपाकघरात बसल्या.

"हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून जिभेला चवच नाही," त्या म्हणाल्या. "मीठ हाताच्या सवयीनं घालते. कोणाला कळलं नाही अजून."

"सांगायचं तरी मला, आई."

"सांगून काय करणार होतीस? चमचा काढून घेतला असता सगळ्यांनी." मग त्यांनी विचारलं, "माझे आकडे काढून टाकले तर?"

"तर प्रयोग झकास होतो. सात बायकांना नक्की ओळखता येतं. तुम्हाला धरलं की काहीच ठामपणे सांगता येत नाही."

"मग काढ की."

"काढायचे तर कारण लिहावं लागेल. तुमची चव गेली म्हणून. आणि वर्गापुढे वाचावं लागेल. झुझानाबाईंचा नातू माझ्याच वर्गात आहे."

ओल्गाबाईंनी मान खाली घातली. "ते नको लिहूस."

"नाही लिहीत. मग आकडे राहतात."

"आणि नापास झालीस म्हणजे?"

"बस आहेच की माझी."

हे ती सहज बोलली, पण आत तिचा जीव तुटत होता. निष्कर्ष नाही म्हणजे मार्क नाहीत, अशीच तिची समजूत होती. एक ओळ गाळली तर तिचं काम फत्ते होतं, आणि सासूची झाकली मूठ उघडी पडत होती. तिनं मूठ झाकलेलीच ठेवली, आणि खोटंही काही लिहिलं नाही. असं दोन्ही सांभाळणारी माणसं फार नसतात.

वर्गात तिनं आठही बायकांचे आकडे फळ्यावर मांडले. नावं नव्हतीच, नुसते क्रमांक. झुझानाबाईंचा नातूच म्हणाला, "ही आठवी सगळं बिघडवतेय. काढा ना तिला."

डेलगाडोबाईंनीही विचारलं, "या बाईंना त्या दिवशी काही झालं होतं का?"

बर्नडेटनं फळ्यावरच्या आठव्या क्रमांकावर बोट ठेवलं. "मी इथं देऊ शकेन असं काही कारण नाही," ती म्हणाली. "आठव्या बाई राहतील. म्हणून माझं उत्तर असं की, या प्रयोगावरून नक्की काही सांगता येत नाही."

"हे उत्तरच आहे," डेलगाडोबाई म्हणाल्या. "सकाळपासून प्रत्येकानं काही ना काही सिद्ध करूनच दाखवलंय मला. त्यातलं किती खरं, देव जाणे."

चांगल्या मार्कांनी पेपर सुटला, गंगेत घोडं न्हालं. ओल्गाबाई बाहेर गाडीत बसून राहिल्या होत्या. मार्कांचं ऐकून त्यांनी हळूच विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाले?"

"आठवीला काढा म्हणाले. मी म्हटलं, ती आमच्यातच राहील."



पुढच्या शुक्रवारी तळघरात सारण तयार झालं. ओल्गाबाईंनी चमचा भरला आणि सगळ्यांदेखत सुनेपुढे धरला.

"बर्नी, मीठ बघ गं."

बायकांचे हात जागच्या जागी थांबले. बर्नडेटनं चाखलं. "चिमूटभर हवंय, आई."

ओल्गाबाईंनी मिठाचा डबा तिच्याकडे सरकवला आणि कडा मुरडायला सुनेच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या.