भरल्या ओटीची मुलाखत

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फौजेतून सुभेदार होऊन परतल्यावर दोनच कामं उरली होती. लिलावात घेतलेली मिलिटरीची जीप रोज पुसायची आणि ती चालते हे लोकांना पटवायचं. त्यामुळे सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मुलींच्या शाळेतून मला मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा एसटीनं जायचा विषयच निघाला नाही. सहासष्ट-सदुसष्ट साल असेल. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं आणि नवऱ्याची बदली सांगलीला. मला तिथं नोकरी लागली तर मीही तिकडे राहायचं, नाहीतर साताऱ्यात सासूबाईंच्या हाताखाली, असं घरात ठरलं होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं आणि मला कळवलं.

मुलाखत दुपारची होती आणि आम्ही सकाळी निघालो. वेळ रग्गड होता. पण मामंजींच्या पलटणीतली अर्धी माणसं पेन्शन घेऊन याच रस्त्याला घरं बांधून बसली आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

उंब्रजला मामंजी म्हणाले, "नुसता राम राम करू." राम राम झाला, चहा झाला, एक अख्खी लढाई पुन्हा लढून झाली. आम्ही उठलो तशी घरातली आजी आडवी आली. "आवं सुभेदार, नवी सून पयल्यांदा दारात आली, आन् रिकाम्या ओटीनं जाणार व्हय?" मग पदरात खण, नारळ, तांदूळ आणि कपाळावर हळदीकुंकवाचा थर. "पुढच्या बारीला मांडीवर बाळ घेऊन ये गं!" मी नोकरीसाठी निघाले आहे हे मामंजींनी तिला दोनदा सांगितलं. ती दोन्ही वेळा कौतुकानं हसली.

कराडला तेच, वर कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. कासार शेजारच्याच ओट्यावर बसला होता, माझं नशीब. माझी पिशवी तिथंच भरली. इस्लामपूरच्या अलीकडे जीपला उकळी फुटली. मामंजींनी फौजी शिस्तीत रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आतलं तांबडं पाणी माझ्या पांढऱ्या वायलच्या साडीवर आलं. मास्तरीणबाई दिसावं म्हणून ती साडी मी मुद्दाम नेसले होते. इस्लामपूरच्या काकूंनी लगेच ट्रंक उघडून नवं कोरं हिरवं लुगडं काढलं. "लय खुलून दिसतंय बघ!" खुलत असेल. मला मात्र सांगली दिसत होती आणि घड्याळ दिसत होतं.

आष्ट्याला मी जीपमधून उतरायचंच नाही ठरवलं. काय उपयोग? तिथल्या वहिनी ताट घेऊन जीपपाशीच आल्या. पिशवीत जागा नव्हती, तेव्हा ती ओटी पदरात बांधून पोटाशी खोचली. शाळेच्या फाटकात पोचलो तेव्हा माझं नाव पुकारत होते. ओटी सोडून कुठं ठेवू? "तशीच जा, शुभ असतं," मामंजी म्हणाले.

आत मुख्याध्यापिका आणि संस्थेचे दोन वयस्क गृहस्थ होते. मला बघताच एक गृहस्थ चक्क उठून उभे राहिले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. "सावकाश बसा." पाणी आलं. खिडकी उघडली गेली. मी गणिताची पदवीधर, आदल्या रात्री भूमितीचे सिद्धांत घोकून आलेली. कुणी एक सिद्धांत विचारेल तर शपथ! बाई मायेनं म्हणाल्या, "सातवा का?"

हिरवं लुगडं, हिरवा चुडा, पोटाशी हा उंचवटा. चूक त्यांची नव्हतीच. मी पदर सोडला आणि नारळ टेबलावर ठेवला. तांदूळ त्यांच्या कागदांवर सांडले. वाटेतली सगळी घरं सांगितली. तिघं पोट धरून हसले, मीही हसले. वाटलं, आता तरी भूमिती.

डोळे पुसत ते गृहस्थ म्हणाले, "बरं, आज नाही. पण उद्या दिवस जातीलच की. मग वर्गाचं काय करायचं आम्ही?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमच्या शाळेतल्या सगळ्याच मुलींना कधी ना कधी दिवस जाणार आहेत. त्यांनाही आजच घरी पाठवा, खडू तेवढे वाचतील." बाईंनी मान खाली घातली. गृहस्थांनी कळवतो म्हणून सांगितलं.

बाहेर मामंजी बॉनेट पुसत उभे होते. "झालं काम?" त्यांनी विचारलं आणि मला रडू फुटलं. सगळं ऐकून त्यांनी हातातलं फडकं सीटखाली टाकलं आणि जीप सुरू केली. परतीच्या वाटेवर त्यांनी एकाही मित्राच्या दारात जीप थांबवली नाही.

शाळेनं कळवलं. मी साताऱ्यातच राहिले. जागा एका तरुण मास्तरांना मिळाली. वर्षाच्या आत त्यांना मुलगा झाला, आणि शाळेनं त्यांचे पेढे मोठ्या आनंदानं खाल्ले म्हणे.