एका टोकाला तारा

ऑफिसात त्याला सगळे ‘सोयरे’ म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण माणूस दिवसभर फळ्यावर चौकटी काढून कुणाचं कुणाशी जुळतं तेच ठरवत बसला, तर दुसरं काय म्हणणार? ग्राहक ही एक चौकट, ऑर्डर ही दुसरी, मधे जोडणारी रेघ. एका ग्राहकाच्या ऑर्डरी कितीही, म्हणून रेघेच्या त्या टोकाला तारा, म्हणजे चांदणीची खूण. एका ऑर्डरीचा ग्राहक एकच, म्हणून या टोकाला एकाचा आकडा. ग्राहक गेला तर त्याच्या ऑर्डरी ठेवायच्या की पुसायच्या? प्रोग्राम लिहिणारे नंतर यायचे. आधी सोयऱ्यांनी नाती लावून द्यायची. लोक लग्नं जुळवतात, हा चौकटी जुळवायचा.

शाळांच्या प्रोग्रामात त्याने मूल आणि पालक अशा दोन चौकटी काढल्या. शाळा सुटल्यावर मुलाला कुणाच्या हाती द्यायचं, ते गेटवरच्या टॅबने सांगायचं होतं.

“आई-बाबा दोघं आले तर?” प्रोग्राम तपासणाऱ्या ताईंनी विचारलं.

“पालक एकच. दोन आले की गोंधळ आलाच.”

“अहो, घरात गोंधळ असतोच की!”

“घरात असू दे. प्रोग्रामात नको.”

ताईंनी हात टेकले. पुढे त्याची लेक त्याच प्रोग्रामाच्या शाळेत जाऊ लागली आणि तिच्यापुढे आईचं नाव लागलं. त्याचं काही अडलं नाही, कारण शाळा सुटायच्या वेळी हा गडी कधी मोकळा होता?

मग नवरा-बायको वेगळी झाली. आदळआपट नाही की रडारड नाही. सही करून तो ऑफिसला गेला आणि नेहमीसारखं काम केलं. आता दुखेल, मग दुखेल, म्हणून त्याने वाट पाहिली, पण दुखलं नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा? आतून नुसता दगड झाला होता.

लेकीला शाळेतून आणायला शुक्रवार त्याच्याकडे आला. सुरुवातीचे काही शुक्रवार मीटिंगांनी खाल्ले. शेवटी गेला, तर रखवालदाराने टॅब पाहून नकारार्थी मान हलवली. आपलंच औषध आपल्यालाच! त्याला राग आला नाही, लाजही वाटली नाही. ऑफिसात परत येऊन त्याने पालकाच्या टोकाचा एक पुसला आणि तारा काढला. नवा पालक जोडायला आधीच्या पालकाची मंजुरी, एवढी अट तेवढी ठेवली. बदल शाळेत पोचला तेव्हा ताईंनी त्याला चहा पाजला.

पुढच्या शुक्रवारी तो वेळेआधी गेटवर हजर.

“दोन नावं आहेत,” रखवालदार म्हणाला. “आई आणि मामा. तुमचं नाही, साहेब.”

लेक पाठीवर दप्तर घेऊन आतल्या पायरीवर उभी होती. त्याने तिच्या आईला फोन लावला.

“दादाला रोज जमतं, म्हणून त्याचं टाकलं,” ती म्हणाली.

“आता कितीही टाकता येतात.”

“ठाऊक आहे. शाळेने कळवलं होतं.”

“मग माझं?”

“तू म्हणालास कधी? मला वाटलं, तुला नकोच आहे.”

तो खरंच म्हणाला नव्हता. जागा केली की माणूस आपोआप जोडला जातो, असं धरून चालला होता. फळ्यावर तसंच तर व्हायचं.

“मला हवं आहे. टाक ना,” तो म्हणाला. आवाज परक्या माणसाचा वाटला.

“मी आत्ता मीटिंगमध्ये आहे. रात्री टाकते. आज दादा निघालाय तिकडे.”

फोन ठेवून तो गेटजवळ गेला. लेक जाळीपाशी आली.

“बाबा, आज मी मामाबरोबर जाऊ?”

“जा.”

“पुढच्या शुक्रवारी तू येशील?”

“येईन.”

“नक्की ना? की मी मामाला सांगून ठेवू?”

तिने हे चिडून विचारलं नव्हतं. तिला खरंच दुसरी सोय करून ठेवायची होती. तेव्हा मात्र त्याला दुखलं.

“नको सांगूस,” तो म्हणाला.

तिने पाठीवरचं दप्तर नीट केलं. मग म्हणाली, “सांगून ठेवते.”