बांगड्यांचा आवाज पाठीशी

सरळ जायला शिकण्याआधी मी गोल फिरायला शिकले, आणि खरं सांगते, त्या गोल फिरण्याची मजा पुढे कशालाच आली नाही. काहील म्हणजे उसाचा रस उकळून गूळ करायची लोखंडी कढई, चार बाया मांडी घालून बसतील एवढी मोठी. दिवाळी उरकून गुऱ्हाळ पेटलं की ती चुलाणावर चढायची. तोवर ती रिकामी, आणि आमच्या शहागडात रिकामी काहील म्हणजे गोदावरीत. पलीकडच्या काठावर कापूस वेचायला जाणाऱ्या आम्हा बायांची तीच नाव. खरी नावही होती, तिला नावाडी होता, पण बायांना ताटकळत ठेवण्यात त्या माणसाला काय सुख मिळायचं कोण जाणे. म्हणून काहील. तिला पुढचं टोक नाही, मागचं नाही. एकाच बाजूनं वल्हं मारलं की ती पुढे म्हणून सरकत नाही, नुसती गरगर फिरते.

ती चालवायला आम्हाला शिकवायची एक मनियारीण. सगळं गाव तिला चाची म्हणायचं. घरी उर्दू, बाजारात मराठी, आणि काहिलीत बसली की दोन्हीची खिचडी. बांगड्यांची दुरडी डोक्यावर घेऊन ती दोन्ही काठांवरची गावं फिरायची. नावाड्याची मर्जी किती दिवस सांभाळणार, म्हणून तरणेपणीच तिनं वल्हं हातात घेतलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, आणि चाचीचे केस अर्धे पांढरे होते. नवरा कधीच वारलेला. गावच्या लेकीसुनांची मनगटं भरणाऱ्या त्या बाईचे स्वतःचे हात ओकेबोके. तोंडात कायम पान. हसली की आधी तिचं पोट हलायचं आणि मग काहील.

शिकवायची तिची तऱ्हा न्यारी होती. पहिल्या दिवशी तिनं मला एकटीलाच वल्हं दिलं, समोर पान चघळत बसली आणि म्हणाली, "फीर. पोट भरून फीर." मी फिरले. घाट फिरला, महादेवाचं देऊळ फिरलं, धुणं धुणाऱ्या बाया फिरल्या. मला इतकं हसू सुटलं की वल्हं पाण्यात पडलं, ते चाचीनं हात लांबवून काढलं. मग तिनं विचारलं, तुझं माहेर कुठंय, बोट दाखव. मी मोठ्या भरवशानं बोट दाखवलं. ते नेमकं माझ्या सासरच्या न्हाणीवर. चाची हसून हसून खोकायला लागली. ज्या बाईला गरगरण्याची भीती आहे तिच्या मुठी आवळतात, आणि आवळल्या मुठीनं वल्हं चालत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून आधी भीती संपवायची.

त्यापुढे जोडीनं. दोघी समोरासमोर, एकीचं वल्हं उजवीकडे, एकीचं डावीकडे, आणि मधोमध चाचीची दुरडी. तिच्यातल्या बांगड्या वाजल्या की कोणाचा हात जड पडला ते चाचीला डोळे मिटून कळायचं, आणि मग त्या बाईची खैर नसायची. माझ्या वेळी दुरडी सारखीच वाजायची. सगळ्यांत ढ मीच होते. बाकीच्या बाया माझ्या काहिलीत बसायला नको म्हणायच्या, आणि ज्या बसायच्या त्या करमणुकीसाठी.

मला मात्र शिकायचंच होतं, कारण समोरच्या काठावर माझं माहेर होतं. संध्याकाळी तिकडे धूर निघाला की तो माझ्याच आईच्या चुलीचा आहे असं मी धरून चालायचे. पण आमच्यात मुराळी आल्याशिवाय, म्हणजे माहेरचा माणूस न्यायला आल्याशिवाय, सून धाडत नसत; कापूस वेचायला रोज त्या काठाला उतरले तरी माहेरची पायरी चढायची नाही. दर वेळी माझे वडील यायचे. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी ते गाडीवरून पडले आणि पायाला बांबूच्या कामट्या बांधून खाटेवर पडून राहिले. भाऊ अजून रांगत होता. म्हणजे दिवाळीला मुराळी कोणी नाही, आणि भाऊबीजेला मी इकडेच. वडिलांना पाहायचं राहिलं, भावाला ओवाळायचं राहिलं.

माझ्या सासूबाईंना, आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्यांना मी दोनदा विचारलं. रीत ती रीत, असं दोन्ही वेळा उत्तर आलं. आमचे हे आईपुढे कधी ब्र काढायचे नाहीत, तेव्हाही काढला नाही. मी भांडी जरा जास्तच आपटली असतील त्या दिवसांत.

दसऱ्याच्या बांगड्या भरायला चाची ओसरीवर आली. माझा हात दाबून दाबून बांगड्या सरकवताना तिनं माझं तोंड पाहिलं आणि सगळं काढून घेतलं. मग तिथूनच तिनं आत्याबाईंना विचारलं, मुराळी म्हणून मी आले तर चालेल का? आत्याबाई सुपात जोंधळे पाखडत होत्या. त्यांनी मला घाटावर गरगरताना कितीदा तरी पाहिलेलं.

"ही ज्या दिशी वल्हं मारत सरळ पलीकडं जाईन ना," त्या म्हणाल्या, "त्या दिशी जाऊ दे तिला. मुराळी नको न् काही नको."

म्हणजे कधीच नको, असा त्याचा अर्थ. चाचीनं तो अर्थ ऐकलाच नाही. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "बात पक्की झाली बरं. तुझ्या समोर झाली."

मग काय विचारता. मी कापूस वेचायला जाताना वल्हवलं, येताना वल्हवलं, रात्री अंथरुणात हात हलवले. पुढेपुढे दुरडी जरा कमी वाजायला लागली. चाची अधूनमधून मुद्दाम गरागरा फिरवायची आणि विचारायची, माहेर कुठंय? माझं बोट कधी देवळाकडे जायचं, कधी आभाळाकडे. नीट समोर क्वचितच. पण मला काही वाटत नव्हतं, इतकी मी आनंदानं चढून गेले होते.

भाऊबीजेच्या सकाळी घाटावर आले तर धुकं. काठावरची काहील दिसेना एवढं. बाकीच्या बाया आपापल्या माहेरी गेलेल्या, त्यामुळे माझ्या जोडीला चाचीच बसणार होती. तिला पलीकडच्या गावात बांगड्याही विकायच्या होत्या. आणि आमच्या मागून डोक्यावर पदर घट्ट ओढून आत्याबाई आल्या होत्या, माझी फजिती पाहायला.

धुक्यासाठी चाचीची एक रीत होती. एका बाईनं काठावर उभं राहून दोरीत ओवलेल्या बांगड्यांची माळ वाजवत राहायचं. पाण्यातल्या बाईनं तो आवाज पाठीशी ठेवायचा. आवाज कानाशी आला की काहील वळली, समोरून आला की तू फिरलीस. त्या दिवशी काठावर माणूस एकच. चाचीनं दुरडीतून हिरव्या बांगड्यांची भली मोठी माळ काढली आणि आत्याबाईंच्या पुढे धरली.

आत्याबाई मागे सरकल्या. त्या विधवा होत्या. मी त्यांना पाहिलं ते मोकळ्या कपाळानं आणि मोकळ्या हातानंच. लग्नकार्यात बांगड्या भरायला मनियारीण बसली की त्या उठून परसात जायच्या. पण चाचीनं नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. माळ त्यांच्या पदरात टाकली आणि काहिलीत येऊन बसली. आत्याबाईंनी ती माळ पदरानं धरली, शेपटीनं उंदीर धरावा तशी, अंगापासून लांब.

आम्ही निघालो. मी कान टवकारून बसले होते, पण पाठीमागून काहीच येईना. चाची म्हणाली, वाजवील, वाजवील. काहील थोडी वळली की काय असं वाटलं, म्हणून मी जोर केला. जोर जास्त झाला. पांढऱ्या धुक्यात आम्ही दोघी गिरकी घेत राहिलो, कुठे किती ते देवाला ठाऊक. मला हसू आवरेना आणि रडूही. आणि तेवढ्यात काहिलीचा तळ वाळूला घासला.

मी उडीच मारली. गुडघाभर पाण्यातून लटपटत वर धावले. समोर धुक्यात एक बाई उभी होती, मी तिच्या गळ्यातच पडले.

"आले गं आई मी," मी म्हणाले. "मुराळ्याबिगर आले. म्हातारीच्या नाकावर टिच्चून आले."

गळ्याला मिश्रीचा वास होता. माझी आई मिश्री लावत नव्हती.

"कुण्या म्हातारीच्या?" आत्याबाईंनी विचारलं.

धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. मागे काहिलीत चाची अशी हसत होती की काहील डचमळून आत पाणी आलं. मी आत्याबाईंच्या पाया पडायला वाकले ती डोकं गरगरून वाळूतच बसले. वर पाहिलं तर त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, आणि खांदे हलत होते. मग मिटलेले ओठ सुटले. त्या बाईला मी तोवर कधी हसताना पाहिलं नव्हतं, आणि हसायला लागल्यावर त्यांना थांबता येईना.

चाची डोळे पुसत काठावर आली. वाजवली का न्हाई, तिनं विचारलं. आत्याबाईंचं हसू ओसरलं. त्यांनी माळ पुढे केली, अजून पदरातच धरलेली.

"मला न्हाई शोभत गं ते आता," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतील."

चाचीनं त्यांचा पदर बाजूला केला आणि माळ त्यांच्या उघड्या हातात ठेवली. वरून आपली दोन्ही मनगटं दाखवली.

"माझेबी हात रिकामेच हैत, बाई. घालू नको म्हणले आपल्याला. वाजवू नको असं कुणी म्हणलं?"

आम्ही पाणी उपसलं आणि पुन्हा निघालो.

आता चाची जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिनं मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी हाच दिवस सांगते. तिच्यासारखं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, आणि मी तिच्यावर जीव टाकत होते हे तिच्या तोंडावर सांगायचं मात्र राहूनच गेलं.

त्या सकाळी थोडं गेलो असू, आणि मागून एकदाच वाजलं. मग थांबलं. चाचीनं वल्हं वर धरलं, मीही धरलं. मग पुन्हा वाजलं, आणि मग वाजतच राहिलं, न थांबता, हात भरून. धुक्यात आवाज लांब जातो. मी तो पाठीशी ठेवला. उजवा कान, डावा कान, कुठेही ढळू दिला नाही. मधली दुरडी हू की चू करत नव्हती. चाचीनं विचारलं, माहेर कुठंय? मी बोट नाकासमोर दाखवलं. ती म्हणाली, "बराबर."

वाळू लागली. या वेळी मी आधी नीट पाहून घेतलं. तो माहेरचाच काठ होता, चिंचेखाली माझ्या आईचीच गाय बांधलेली होती. मी काहील वर ओढली, चाचीच्या डोक्यावर दुरडी चढवून दिली. मागून बांगड्या वाजतच होत्या. पोहोचलो म्हणून हाक मारून सांगते, असं म्हणत मी तोंडाशी हात नेले, तर चाचीनं ते खाली केले.

"राहू दे," ती म्हणाली. "वाजवू दे तिला आणखीन थोडं."